महापौर लेबरच्या, कौन्सिल रिफॉर्मचं: डॉनकास्टरचा निकाल कसा वाचायचा

उत्तर इंग्लंडमधल्या डॉनकास्टरला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. (लेबर म्हणजे २०२५ ला देशात ज्याचं सरकार होतं तो पक्ष, रिफॉर्म त्याच्या विरोधातला उजवा पक्ष, आणि कौन्सिल म्हणजे आपल्या महापालिकेसारखं स्थानिक सभागृह.) त्यांच्याच शब्दांत थोडक्यात: "१ मे २०२५ ला आमच्याकडे निवडणूक झाली. महापौर लेबरच्या आल्या आणि कौन्सिल रिफॉर्मने घेतलं. मग राज्य कोणाचं? निकालाच्या कागदावर टक्केवारीची बेरीज जमत नाही. माझा चुलतभाऊ ओल्डमला असतो, तो म्हणतो आमच्याकडे या वर्षी निवडणूकच नव्हती. आणि आपला पासपोर्ट भारताचा, म्हणजे आपला यात काही संबंध येतो का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो, चांगलाच येतो' असं आहे. ते शेवटी सविस्तर सांगतो.

मी उत्तर इंग्लंडमधल्या एका बरोत, म्हणजे एका कौन्सिलच्या हद्दीत, बरीच वर्षं मतमोजणीला जातोय. आधी टेबलासमोर उभं राहून कागदावर रेघा मारणारा कार्यकर्ता होतो, पुढे उमेदवाराचा इलेक्शन एजंट, म्हणजे अधिकृत निवडणूक प्रतिनिधी, झालो. पक्ष सांगत नाही, नाहीतर पुढचं सगळं तुम्ही त्याच चष्म्यातून वाचाल. एवढ्या वर्षांत एक सवय लागली: कोण जिंकलं हे बघण्याआधी मी निवडणूक कसली होती ते बघतो. किती जागा होत्या, प्रत्येकाला किती मतं होती, त्याच जागा मागच्या वेळी कधी लढवल्या गेल्या होत्या. या तीन गोष्टी कळल्याशिवाय निकालाचा तक्ता म्हणजे नुसते आकडे.

आता डॉनकास्टर. त्या दिवशी तुमच्या हातात दोन मतपत्रिका आल्या, एक महापौराची आणि एक तुमच्या वॉर्डाच्या कौन्सिलरांची. महापौरपदाला लेबरच्या रॉस जोन्स यांना २३,८०५ मतं पडली आणि रिफॉर्मच्या अलेक्झांडर जोन्स यांना २३,१०७. फरक ६९८ मतांचा. (दोघंही जोन्स. मतपत्रिका आडनावाच्या क्रमाने छापतात, त्यामुळे घाईत वाचणाऱ्याची काय गंमत झाली असेल ती त्यालाच माहीत.) दुसऱ्या मतपत्रिकेवर ५५ जागा होत्या: रिफॉर्म ३७, लेबर १२, कॉन्झर्व्हेटिव्ह ६. तेच लोक, तीच पोलिंग स्टेशनं, आणि निकाल दोन टोकांचे.

याचं मला फार आश्चर्य वाटलं नाही. जोन्सबाई २०१३ पासून महापौर आहेत. वॉर्डातला लेबरचा उमेदवार शेजारच्या गल्लीतल्यांनाही माहीत नसतो, पण त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय जिंकल्या जिंकल्या त्यांनी आपल्याच पक्षाच्या सरकारला म्हाताऱ्यांच्या हिवाळी इंधन भत्त्यावरून सुनावलं. पक्षावर राग आणि माणसावर भरवसा, असं मतदान आपल्याकडेही होतं. थेट नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, अशी गावं महाराष्ट्रात ज्यांनी पाहिली आहेत त्यांना डॉनकास्टर लगेच कळेल.

पण तुलना इथेच थांबवा. आपल्या महापालिकेत महापौर मानाचा असतो आणि कारभार आयुक्तांचा. डॉनकास्टरची थेट निवडलेली महापौर म्हणजे स्वतःच कारभारी. खात्यांचे प्रमुख कौन्सिलर म्हणजे कॅबिनेट ती नेमते, आणि कॅबिनेटचे निर्णय कौन्सिलच्या मतदानाला टाकावे लागत नाहीत. अविश्वास ठराव आणून तिला घालवता येत नाही. तुम्हाला गोंधळ होण्याचं आणखी एक कारण असं की डॉनकास्टरला एका वेळी तीन महापौर असतात. एक गळ्यात साखळी घालून शाळांच्या कार्यक्रमांना जाणारा सिव्हिक मेयर, दुसऱ्या रॉस जोन्स, आणि तिसरा डॉनकास्टर ज्यात येतं त्या अख्ख्या साउथ यॉर्कशरचा मेयर. तो बस-ट्राम आणि पोलीस बघतो. वर्तमानपत्रात नुसतं 'मेयर' असं लिहिलं असेल तर बातमी कचऱ्याच्या डब्यांची आहे की बसभाड्याची, यावरून ओळखायचं.

मग ३७ जागा घेऊन रिफॉर्मला मिळालं काय? बरंच. वर्षाचा अर्थसंकल्प आणि मोठी धोरणं कौन्सिलपुढे यावीच लागतात. महापौराचा अर्थसंकल्प बदलायचा असेल तर साध्या बहुमतावर भागत नाही, हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लागतात. ५५ चे दोन तृतीयांश ३६ आणि वर थोडे, म्हणजे ३७. रिफॉर्मकडे बरोबर ३७! त्या रात्री टीव्हीवर बहुमताचीच चर्चा चालली होती, पण मला त्या तक्त्यात तो एकच आकडा दिसत होता. एक जागा कमी पडली असती तर पूर्ण सभागृहात महापौरांच्या अर्थसंकल्पाला हात लावायला त्यांना दुसऱ्या पक्षाचं दार ठोठवावं लागलं असतं. अर्थात ३७ म्हणजे सगळेच्या सगळे ३७ हजर हवेत आणि एकाही शहाण्याने ऐन वेळी पाठ फिरवता कामा नये. नवीन निवडून आलेल्यांचा गट चार वर्षं असा एकत्र बांधून ठेवणं किती अवघड असतं, ते कुठल्याही पक्षाच्या प्रतोदाला विचारा.

समित्यांमध्ये पक्षांना जागा त्यांच्या संख्याबळाप्रमाणे द्याव्या लागतात, हा १९८९ च्या कायद्याचा नियम आहे. म्हणून बांधकाम परवानग्या देणाऱ्या प्लॅनिंग कमिटीतही पारडं रिफॉर्मकडे. उलट बाजूला महापौरांची अडचण बघा. कॅबिनेट कौन्सिलरांमधूनच नेमायचं असतं, स्वतः धरून जास्तीत जास्त दहा जणांचं. आणि पक्षाचे कौन्सिलर बाराच. निवडायला वाव तो किती! आणि कॅबिनेटवरच्या माणसाला स्क्रूटिनी कमिटीत बसता येत नाही, म्हणजे देखरेखीच्या टेबलावर बहुतेक समोरचेच. 'राज्य कोणाचं' याचं सरळ उत्तर हवं असेल तर रोजचं राज्य जोन्सबाईंचं आणि तिजोरीच्या चाव्या अर्ध्या-अर्ध्या.

एक गोष्ट राहिली. २०२१ पर्यंत महापौराच्या मतपत्रिकेवर पहिली आणि दुसरी अशा दोन पसंती देता येत. २०२२ च्या निवडणूक कायद्याने ते बंद केलं, त्यामुळे २०२५ ला ज्याला जास्त मतं तो जिंकला. माजी खासदार निक फ्लेचर कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवार होते आणि ते तिसरे आले. जुनी पद्धत असती तर त्यांच्या मतदारांची दुसरी पसंती मोजली गेली असती, आणि ती लेबरपेक्षा रिफॉर्मकडे जास्त वळली असती असं माझं मत आहे. ६९८ चा फरक त्यात टिकला नसता. ज्या सरकारने ती पद्धत मोडली ते कॉन्झर्व्हेटिव्हांचं. फायदा कुणाला झाला ते तुम्हीच बघा.

आता बेरीज. डॉनकास्टरमध्ये चार वर्षांतून एकदा सगळ्या जागांची निवडणूक होते आणि वॉर्डाला दोन किंवा तीन कौन्सिलर असतात. तीनचा वॉर्ड असेल तर तुम्हाला तीन फुल्या मारता येतात. आपल्या प्रभागात अ, ब, क, ड अशा वेगवेगळ्या जागा असतात, तसं इथे नाही. एकच लांबलचक यादी, आणि वरचे तीन निवडून आले. समजा तुमच्या वॉर्डात ३,००० लोक मतदानाला आले. मतं पडतील ९,००० पर्यंत, पण ९,००० नाही, कारण कितीतरी जण एकच फुली मारून निघून जातात. आता १,२०० मतं मिळवणाऱ्याची टक्केवारी काय? ९,००० ने भागलं तर १३ टक्के, ३,००० ने भागलं तर ४०. तुमच्या कागदावर दुसरा हिशेब असणार, म्हणून बेरीज शंभराच्या बरीच पुढे जाते. कागद चुकलेला नाही. आम्ही हिशेब करताना प्रत्येक पक्षाच्या सर्वांत जास्त मतं मिळालेल्या एकाच उमेदवाराचा आकडा घेतो आणि त्या आकड्यांच्या बेरजेत वाटा काढतो. निर्दोष पद्धत नाही, पण दोन वॉर्डांची तुलना तरी करता येते.

त्याच कागदावर आणखी एक गोष्ट बघा. एकाच पक्षाचे तीन उमेदवार असतील तर ज्याचं आडनाव वर्णमालेत आधी, त्याला बहुतेक वेळा थोडी जास्त मतं. काही जण यादीत वरून खाली येतात आणि मधेच कंटाळतात. चुरशीच्या वॉर्डात एका पक्षाचे दोन निवडून येतात आणि तिसरा दहा-वीस मतांनी पडतो, तेव्हा तो तिसरा पुष्कळदा विल्सन किंवा यंग निघतो. आमच्याकडे उमेदवार ठरवताना कुणीतरी हे अर्धवट थट्टेत काढतंच.

तुमच्या चुलतभावाचं ओल्डम म्हणजे वेगळाच कारखाना. इंग्लंडमध्ये असे ३६ मेट्रोपॉलिटन बरो आहेत, १ एप्रिल १९७४ पासून. मूळ रचना अशी की प्रत्येक वॉर्डाला तीन कौन्सिलर, दर वर्षी त्यातली एक जागा निवडणुकीला, आणि चौथं वर्ष सुट्टीचं. ओल्डम, मँचेस्टर, विगन अजून त्याच चालीवर आहेत. डॉनकास्टर, रॉदरम, बर्मिंगहॅम, लिव्हरपूल यांनी सगळ्या जागा एकदम लढवायची पद्धत घेतली. २०२५ हे तिसऱ्या हिश्श्यावाल्यांचं सुट्टीचं वर्ष होतं, म्हणून त्या मे महिन्यात ३६ पैकी कौन्सिलची निवडणूक फक्त तुमच्या डॉनकास्टरला झाली.

तिसऱ्या हिश्श्याचा निकाल वाचताना लोक हमखास फसतात. ओल्डममध्ये २० वॉर्ड, ६० कौन्सिलर, बहुमताला ३१. एका वर्षी २० जागा निवडणुकीला. एखाद्या पक्षाने त्यातल्या ११ जिंकल्या तर मथळा येतो 'अमुक पक्षाचा विजय'. पण त्या वीसपैकी १५ आधी त्याच पक्षाच्या असतील तर तो चार जागांनी हरला आहे, आणि उरलेल्या ४० जागांवर दोन वेगवेगळ्या वर्षांच्या लोकमताचा गाळ बसलेला आहे. म्हणून त्या तक्त्यात मी 'किती जिंकल्या' हा रकाना सोडून आधी 'किती राखायच्या होत्या' तो शोधतो. कोविडमुळे २०२० ची निवडणूक २०२१ वर गेली, आणि तेव्हा निवडून आलेल्यांना चारऐवजी तीनच वर्षं मिळाली, २०२४ पर्यंत. म्हणजे जिथे मधे सगळ्या जागा एकदम लढवल्या गेल्या नाहीत, तिथे २०२४ च्या निकालाची तुलना २०२१ शी करायची, २०२० शी नाही. हे विसरून लिहिलेले लेख मी वाचले आहेत.

२०२३ ला ओल्डममध्ये वॉर्डांच्या सीमा बदलल्या, तेव्हा अपवाद म्हणून साठही जागा एकदम लढवल्या गेल्या. अशा वेळी वॉर्डात पहिला आलेला सर्वांत जास्त काळ राहतो आणि तिसरा आलेला पुढच्याच वर्षी परत मैदानात. निवडून आल्याच्या संध्याकाळी बाकी दोघं पार्टी करतात आणि तिसरा पुढच्या पत्रकाचा मजकूर जुळवायला बसतो.

आणि ओल्डम म्हटलं की आमच्या वर्तुळात एकच गोष्ट निघते. २०२१ ला कौन्सिलचे लेबर नेते शॉन फील्डिंग फेल्सवर्थ वेस्टमधून स्वतःची जागा हरले. त्यांच्या जागी अरुज शाह आल्या, त्या २०२२ ला चॅडरटन साउथमधून हरल्या. मग अमांडा चॅडरटन. आडनाव चॅडरटन पण वॉर्ड रॉयटन साउथ, आणि २०२३ ला त्याही गेल्या. तीन वर्षांत तीन नेते, आणि तिन्ही वेळा कौन्सिलमध्ये सर्वांत मोठा पक्ष लेबरच. तिसऱ्या हिश्श्याच्या पद्धतीशिवाय हे असं ओळीने घडलंच नसतं. दर मे महिन्यात फाशीची दोरी कुणाच्या ना कुणाच्या वॉर्डावर लटकत असते, आणि चिडलेल्या मतदाराला नेत्याचं नाव आयतं समोर मिळतं. शाह २०२३ ला दुसऱ्या वॉर्डातून परत आल्या आणि पुन्हा नेत्या झाल्या. २०२४ ला लेबरचं बहुमत गेलं, कौन्सिल त्रिशंकू झालं, तरी नेतेपदी त्याच राहिल्या. इथे नेता जनता थेट निवडत नाही, मे महिन्यातल्या वार्षिक सभेत कौन्सिलर निवडतात. खरा निकाल लागतो मतमोजणीनंतरच्या शनिवार-रविवारी, पक्षाच्या गटाच्या बंद खोलीत.

फील्डिंग यांना हरवणारा पक्ष कॉन्झर्व्हेटिव्ह नव्हता, फेल्सवर्थ इंडिपेंडंट पार्टी होता. असे एका गावापुरते पक्ष या पट्ट्यात जागोजागी दिसतील: बोल्टनमध्ये फार्नवर्थ अँड कीअर्स्ली फर्स्ट, बरीमध्ये रॅडक्लिफ फर्स्ट, तुमच्याच डॉनकास्टरमध्ये २०२५ च्या आधी मेक्सबरो फर्स्ट. ही सगळी १९७४ च्या आधी स्वतःचं कौन्सिल असलेली गावं. एका सकाळी ती शेजारच्या मोठ्या गावाच्या बरोत घातली गेली. पन्नास वर्षं झाली तरी 'आमचा कर घेतात आणि पैसा तिकडच्या चौकात लावतात' हे वाक्य दारोदार फिरताना मला अजून ऐकू येतं. टीव्हीवरचे पंडित असल्या पक्षांना 'इतर' या रकान्यात ढकलतात. कौन्सिल त्रिशंकू होतं तेव्हा त्याच 'इतरां'पुढे मोठे पक्ष हात जोडून उभे असतात.

मोजणी कशी चालते ते तुम्ही विचारलं नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. जागा बहुधा कौन्सिलच्या क्रीडा संकुलातला मोठा हॉल, खाली बॅडमिंटन कोर्टाच्या रेघा. मतपेटी टेबलावर उपडी करतात आणि पहिल्यांदा मतं मोजतच नाहीत, नुसते कागद मोजतात. पोलिंग स्टेशनने दिले तेवढेच परत आले का, याची पडताळणी. या वेळी कागद सुलटे ठेवावे लागतात, आणि आम्हाला हवं असतं तेच. टेबलाच्या अलीकडे उभं राहून, मोजणाऱ्या बाईंच्या अंगठ्याखालून सरकणाऱ्या प्रत्येक कागदावरची फुली टिपायची. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. शंभरेक कागद टिपले की ती पेटी कुठे जाणार ते कळतं, आणि अधिकृत निकालाच्या दोन तास आधी उमेदवाराचा चेहरा पडलेला असतो.

मग पक्षवार गठ्ठे लागतात, रबर बँड घालून. एका वर्षी आमच्या उमेदवाराला ६० च्या आसपास मतांनी हरल्याचं सांगितलं. मी फेरमोजणी मागितली, आणि समोरच्या ढिगातला प्रत्येक गठ्ठा कडेने अंगठ्याने फिरवून दाखवायला लावला. एका गठ्ठ्यात वरचा कागद त्यांचा आणि खालचे सगळे आमचे! ५० चा गठ्ठा चुकीच्या ढिगात गेला की त्यांचे ५० वाढतात आणि आपले ५० कमी होतात, म्हणजे फरक शंभराचा. निकाल फिरला. लबाडी नव्हती, पहाटेचे तीन वाजले होते एवढंच. फरक शंभराच्या आत असेल तर मी आजही गठ्ठे बघितल्याशिवाय सही करत नाही.

अगदी समसमान मतं पडली तर? चिठ्ठी. २०१७ च्या फेब्रुवारीत मुंबई महापालिकेच्या २२० नंबरच्या वॉर्डात चिठ्ठी टाकून भाजपचे अतुल शाह निवडून आले, ते कित्येकांना आठवत असेल. त्याच वर्षी मे महिन्यात इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँडमध्ये साउथ ब्लाइथ वॉर्डात तेच झालं, फक्त चिठ्ठीऐवजी काड्या ओढल्या. (नॉर्थम्बरलँड मेट्रोपॉलिटन बरो नाही, पण नियम एकच.) कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवाराच्या हाती आखूड काडी आली, आणि ६७ च्या कौन्सिलात त्यांचा पक्ष ३३ वर अडकला. बहुमत ३४ ला होतं. एका काडीने!

आता तुमचा पासपोर्ट. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, म्हणून इथे कायदेशीर व्हिसावर राहणाऱ्या अठरा वर्षांवरच्या भारतीय नागरिकाला मतदार यादीत नाव घालता येतं आणि मत देता येतं. नुसतं कौन्सिलचं नाही, पार्लमेंटचंसुद्धा. स्टुडंट व्हिसावाल्यांनाही. कौन्सिलला उभं राहायचं असेल तर मात्र कायम वास्तव्याची परवानगी लागते. अर्जावर दोन मतदारांच्या सह्या पुरतात आणि अनामत रक्कम नसतेच. मी इतक्या मराठी घरांत 'आम्ही ब्रिटिश नाही हो' असं ऐकलंय की आता दारावरच सांगून टाकतो.

नाव ऑनलाइन नोंदवता येतं, पण मतदानाच्या बारा कामकाजाच्या दिवसांआधी. २०२३ पासून इंग्लंडमधल्या कौन्सिलच्या निवडणुकीत फोटोचं ओळखपत्र दाखवावं लागतं. त्याला तुमचा भारतीय पासपोर्ट चालतो, अगदी मुदत संपलेला असला तरी, चेहरा ओळखू आला म्हणजे झालं. कौन्सिलकडून आलेलं पोलिंग कार्ड घरी विसरलं तरी हरकत नाही. सकाळी सात ते रात्री दहा, नाइट ड्यूटी संपवून येतानाही जमतं. दाराशी कुणी रोझेट, म्हणजे पक्षाचा रंगीत बिल्ला, लावून तुमचा मतदार क्रमांक विचारेल. तो सरकारी माणूस नसतो, आमच्यासारखाच एखादा कार्यकर्ता असतो, क्रमांक सांगायचा नसेल तर सांगू नका. आत बोटाला शाई लावत नाहीत. दोरीला बांधलेली पेन्सिल असते, ती बोथट निघाली तर आपलं पेन वापरायला कुणी अडवत नाही.